घट आणि घटना

भिलाईत रुआबांध्याची वाट विचारणाऱ्याला उत्तराआधी एक प्रतिप्रश्न ऐकावा लागतो. मला तो चहाच्या टपरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारला होता: “कौन-सा रुआबांधा? बस्ती कि सेक्टर?” ज्यांच्याकडे मी निघालो होतो त्यांनी नुसते नाव कळवले होते. या पोलाद-नगरीतील बहुतेक वसाहतींना नावे नाहीत, अंक आहेत. सेक्टर एक, सेक्टर दोन, अशी ती मोजणी दहापर्यंत जाते. रिसाली, मरोदा, रुआबांधा अशा काही वसाहतींना मात्र गावांची नावे लागलेली आहेत. गाव आधीचे, वसाहत नंतरची, आणि नाव दोघांचे एकच. ‘बांधा’ हे अक्षर मराठी कानाला शेताच्या बांधाची आठवण करून देते, त्यामुळे ते नाव मला परके वाटले नाही. परंतु ते नेमके कशाचे नाव आहे, हे मला त्या क्षणी सांगता आले नाही.

म्हाताऱ्याचा प्रश्न पत्त्यापुरता होता. तो मनात घोळू लागला तेव्हा लक्षात आले की त्याला फार जुनी वंशावळ आहे. रुआबांधा ही एक वस्तू आहे काय, जी १९५५ पूर्वीही होती आणि बदल सोसून आजही आहे? की ती काही घटनांची मालिका आहे आणि नाव हा केवळ त्या मालिकेला बांधलेला दोरा आहे? जगाच्या मुळाशी वस्तू आहेत की घटना, हा तत्त्वज्ञांचा वाद आहे अशी आपली समजूत असते. इतिहास लिहिणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असेही कोणी म्हणेल. पण इतिहासकार रोज दोन्ही शब्द वापरतो, आणि कोणत्या शब्दावर भार टाकतो यावर कोणाचा तरी हक्क उभा राहतो किंवा बुडतो. म्हणून हा प्रश्न तत्त्वज्ञांवर सोडून देणे मला बरे वाटत नाही.

आपल्या परंपरेत हा भेद प्रथम व्याकरणाच्या अंगाने स्पष्ट झाला. निरुक्ताच्या आरंभीच यास्काने नाम आणि आख्यात यांची फारकत केली आहे. नामात सत्त्वाला, म्हणजे सिद्ध वस्तूला, प्राधान्य असते आणि क्रियापदात भावाला, म्हणजे होण्याला. हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या पुढचे बारीक निरीक्षण मात्र फारसे कोणी सांगत नाही. आरंभापासून शेवटपर्यंत चालत गेलेली क्रिया जेव्हा एकवटून मूर्त झाल्यासारखी पाहिली जाते तेव्हा तिलाही नाम मिळते, असे यास्क म्हणतो. ‘जातो’, ‘शिजवतो’ ही होणारी क्रिया. ‘गमन’, ‘पाक’ ही तीच क्रिया, पण आता वस्तूच्या पोशाखातली. त्याच ठिकाणी वार्ष्यायणि नावाच्या आचार्यांच्या मताचा उल्लेख करून तो भावाचे सहा विकार सांगतो: जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, क्षीण होणे, नष्ट होणे. ‘असणे’ हाही होण्याचाच एक प्रकार मानला गेला आहे. घर नुसते उभे आहे, हेही घराकडून काही घडतच आहे.

इतिहासाच्या पुस्तकांतील प्रकरणांची शीर्षके पाहावीत: ‘स्थापना’, ‘विस्तार’, ‘विलीनीकरण’, ‘भूसंपादन’. ही सगळी यास्काने सांगितलेली नामे आहेत. त्यांच्या पोटात कोणी तरी स्थापले, कोणी तरी घेतले, कोणाकडून तरी घेतले. पण नाम झाल्याबरोबर कर्ता आणि कर्म दोघेही गळून पडतात. ‘भूसंपादन झाले’ या वाक्यात एकही माणूस नाही.

मराठी भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. ‘घट’ म्हणजे मडके. तर्कशास्त्राच्या पोथीत वस्तूचे उदाहरण द्यायचे झाले की हटकून येणारा पदार्थ. ‘घटना’ म्हणजे जे घडले ते. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकाच धातूपाशी नेली जाते. धातुपाठात त्या घट् धातूचा अर्थ चेष्टा, म्हणजे हालचाल, असा दिला आहे. जैन आचार्यांनी तर या व्युत्पत्तीवरून ‘एवंभूत’ नावाचा एक नयच सांगितला: मडके पाणी वाहण्याचे आपले काम करीत असेल तेव्हाच त्याला घट म्हणावे, कोनाड्यात रिकामे पडले असेल तेव्हा नव्हे. या दृष्टीने वस्तूचे नाव हे तिच्या कामाच्या घटकेपुरतेच खरे. उलट मराठीत ‘घटना’ या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला आणि तो पार दुसऱ्या टोकाला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानालाही आपण ‘राज्यघटना’ म्हणतो, आणि तेथे घटना म्हणजे घडणे नव्हे, घडण. ‘पदार्थ’ या शब्दाचेही तसेच. कणादाच्या शास्त्रात तो अस्तित्वाचा प्रकार, आपल्या स्वयंपाकघरात शिजवून झालेली वस्तू. पाकक्रियेचे नाम व्हावे, हे यास्काचे उदाहरण मराठी गृहिणींनी असे पुरे केले आहे!

वैशेषिकांनी या सगळ्या गुंत्याचे तक्ते पाडले. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि नंतर जोडलेला अभाव, असे सात पदार्थ. त्यांत द्रव्ये नऊ आणि कर्मे पाच. वर फेकणे, खाली टाकणे, आखडणे, पसरणे आणि जाणे, एवढ्यावर कर्माची यादी संपते. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढली. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अशाच ग्रंथांतून हे तक्ते शिकल्या. त्यांतील कर्माचे पान वाचताना मला नेहमी काहीसा संकोच होतो. द्रव्य नित्य असू शकते, गुण टिकू शकतो. कर्म मात्र चार-पाच क्षणांचे पाहुणे. ते उपजते, वस्तूला जुन्या जागेपासून विलग करते, जुना संयोग तोडते, नवा जोडते आणि संपते. युद्ध, तह, दुष्काळ, संप यांना या यादीत बसायला जागा नाही. वैशेषिकांचे जग उत्तम मांडलेल्या दुकानासारखे आहे: माल सगळा फळीवर, पण विक्रीची नोंद कुठेच नाही.

बौद्धांनी या दुकानालाच आग लावली. त्यांच्या मते टिकणारी वस्तू नाहीच. जे आहे ते क्षणाक्षणाला उपजते आणि विरते, आणि सारखेपणामुळे आपल्याला ‘हाच तो’ असा भास होतो. नैयायिकांनी प्रत्यभिज्ञेच्या, म्हणजे ओळख पटण्याच्या, आधारे उत्तर दिले: काल पाहिलेला देवदत्त आज ओळखू येतो, तर कालचा पाहणारा आणि आजचा पाहणारा दोन कसे असतील? हा वाद शेकडो वर्षे चालला. त्याची एक छाया रुआबांध्याच्या परिसरावरही पडलेली आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग दक्षिण कोसलात आला होता, आणि सर्व भाव स्वभावशून्य आहेत असे सांगणाऱ्या नागार्जुनाचा संबंध त्याने याच प्रदेशाशी जोडला आहे. पुढे महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळी महानदीकाठी सिरपूर येथे आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने विहार बांधला, भिक्षूंच्या अन्नसत्राची सोय केली आणि हे सर्व शिळेवर कोरून ठेवले. सगळे क्षणिक मानणाऱ्या संप्रदायाने दानाची नोंद दगडात करावी, यात मला विसंगती दिसत नाही. दान ही घटना आहे. ती पुढच्या भिक्षूच्या ताटात पोहोचायची तर तिला एखाद्या वस्तूच्या खांद्यावर बसावेच लागते.

ती शिळा उजेडात आणणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ. १९५३ ते १९५६ या काळात त्यांनी सिरपूरला उत्खनन केले, आरंभी सागर विद्यापीठाच्या वतीने. उत्खनकाचे काम हे आपल्या प्रश्नाचे प्रात्यक्षिकच असते. जमिनीतून निघतात त्या वस्तू: विटा, खापरे, मणी, मुद्रा. त्याला हव्या असतात घटना: कोण राहिले, केव्हा गेले, आग लागली की पूर आला. आणि त्या दोहोंना सांधणारी एकच गोष्ट त्याच्या हाती असते, ती म्हणजे थर. थर ही वस्तू म्हणावी की घटना? माती म्हणून पाहिली तर वस्तू, साचणे म्हणून पाहिले तर घटना. दीक्षितांच्या पिढीने खणताना हा प्रश्न कागदावर मांडला नाही. त्यांनी थर मोजले.

ते थर मोजले जात असतानाच, सिरपुराहून शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला, दुसरीच माती खणण्याची तयारी चालू होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टनांच्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि त्यासाठी दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे स्थान ठरले. भिलाईचा इतिहास बहुधा येथूनच सुरू केला जातो. मला मात्र वैशेषिकांच्या सातव्या पदार्थाचे, अभावाचे, येथे स्मरण होते. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो त्याला ते प्रागभाव म्हणतात. त्याला आरंभ नाही, पण वस्तू जन्मली की त्याचा अंत होतो. भिलाईच्या प्रागभावाचे कागद नागपूरच्या बाजूने वाचता येतात. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयी फॉन श्वार्त्स यांनी लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलादाचा विचार त्यांच्या मनात रुजला. १८८७ मध्ये प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाने दुर्ग भागातील राजहरा टेकड्यांच्या खनिजाची नोंद केली. १९०३च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात असताना तेथील वस्तुसंग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशात दुर्गवर लावलेला लोखंडाचा रंग त्यांच्या नजरेस पडला. शोधपथक डल्ली-राजहऱ्यापर्यंत गेले, खनिजही उत्तम निघाले. परंतु पाणी आणि कोळसा यांचा मेळ बसेना. त्याच बोसांनी १९०४ मध्ये मयूरभंजच्या खनिजाची वार्ता दिली आणि कारखाना साकचीला गेला. जे दुर्गमध्ये घडले नाही ते पन्नास वर्षे नकाशावर रंग होऊन थांबले होते. ‘न घडणे’ यालाही पदार्थांत स्थान देणारे ते जुने नैयायिक मला अशा वेळी फार शहाणे वाटतात.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीशी आलो म्हणजे न्याय आणि वैशेषिक यांच्यातील एक घरगुती भांडण सांगायलाच हवे. कच्चे काळपट मडके आव्यात घातले आणि लाल होऊन बाहेर आले. ते तेच मडके काय? वैशेषिक म्हणतात, नाही. अग्नीच्या आघाताने मडक्याचे परमाणू सुटे होतात, सुट्या परमाणूंचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवे मडके होते; हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, असे असते तर आव्यात त्या मडक्यावर रचलेली मडकी खाली कोसळली असती. मडके सच्छिद्र असते, अग्नी आत शिरतो, रंग बदलतो, मडके तेच राहते, हा पिठरपाक. वरची मडकी पडत नाहीत, हा युक्तिवाद कुंभाराच्या अंगणात सुचलेला दिसतो, म्हणून तो मला प्रिय आहे.

राजहऱ्याचे तांबूस खनिज मात्र झोतभट्टीत वरून टाकले जाते तेव्हा नैयायिकांना हार खावी लागते. कोकपासून निघणारा वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, नंदिनीच्या खाणीतील चुनखडी मातकट भाग घेऊन मळी होते, आणि तळाशी जे साचते ते वितळलेले लोखंड. त्याचे पुढे पोलाद, पोलादाचे रूळ. त्या रुळाकडे बोट दाखवून ‘हाच तो राजहऱ्याचा दगड’ असे कोणी म्हणणार नाही. परमाणू आहेत, अवयवी गेला. पीलुपाक झाला.

आता गावाचे काय? कारखाना आणि नगर यांसाठी अनेक गावांची शेती आणि वस्ती घेतली गेली. जे गाव या आव्यात गेले त्याचा पीलुपाक झाला की पिठरपाक, असा माझा प्रश्न आहे, आणि तो नुसता शब्दांचा खेळ नाही. रंग बदलला पण मडके तेच, असे मानले तर गावकरी हे गावकरीच राहिले आणि जमिनीच्या बदल्यात मिळायचे ते मागण्याचा त्यांचा अधिकार त्यांच्या मुलांपर्यंत अखंड पोहोचतो. गाव परमाणूंत विरले आणि त्या परमाणूंचे नवे काही तरी झाले, असे मानले तर मागणारा उरतच नाही. उरतात ते सुटे कामगार, सुटे भाडेकरू, सुटे अर्जदार. सरकारी फायलींचा कल पीलुपाकाकडे असतो, हे सांगायला तर्कशास्त्र शिकावे लागत नाही. आणि बौद्धांची बाजू टोकाला नेली तर त्याहून कठीण. क्षणांच्या प्रवाहात १९५५चा शेतकरी आणि आजचा त्याचा नातू यांना जोडणारे नाव तेवढे शिल्लक राहते.

नैयायिकांनी केलेला आणखी एक भेद येथे मला खिळवून ठेवतो. वस्तूच्या नाशानंतर तिचा जो अभाव असतो त्याला ते प्रध्वंसाभाव म्हणतात. प्रागभावाच्या अगदी उलट: त्याला आरंभ आहे, अंत नाही. फुटलेल्या मडक्यासारखे दुसरे मडके घडेल, पण ते फुटणे पुन्हा न-फुटणे होणार नाही. म्हणजे ज्या दर्शनाने कर्माला चार-पाच क्षणांपलीकडे आयुष्य दिले नाही, त्याच दर्शनाने नाशाला अनंत आयुष्य दिले. मोठ्या घटनांना वैशेषिकांच्या फळीवर जागा नाही असे मी वर म्हटले, ते येथे दुरुस्त करावे लागते. जागा आहे, पण ती अभावाच्या खणात आहे.

ज्या वर्षी भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षी, १९५९ मध्ये, पी. एफ. स्ट्रॉसन यांचा ‘इंडिव्हिज्युअल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. योगायोगच, त्यात अर्थ शोधू नये. स्ट्रॉसन यांचे म्हणणे असे की आपल्या विचारव्यवस्थेत मूर्त वस्तू हीच पायाभूत असते, कारण घटना ओळखायची तर कोणाचा मृत्यू, कशाचा स्फोट असे विचारून वस्तूपाशीच यावे लागते. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, डॉनल्ड डेव्हिडसन यांनी घटनांची बाजू घेतली: घटनाही वस्तूंइतक्याच स्वतंत्र आहेत, आणि ज्यांची कारणे आणि कार्ये तीच त्या दोन घटना म्हणजे एकच घटना. हा निकष त्यांनी १९८५ मध्ये सोडला आणि एकच स्थळ-काळ व्यापणाऱ्या त्या एकच घटना, या क्वाइन यांच्या सूचनेकडे ते वळले. परदेशी विद्यापीठांतील हा किरकोळ फेरबदल वाटेल. भिलाईत त्याला निराळे वजन आहे.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हडको वसाहतीत शंकर गुहा नियोगी यांची झोपेत गोळी घालून हत्या झाली. भिलाईच्या कारखान्यात कधी काळी कामाला असलेल्या या माणसाने १९७७ मध्ये डल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांची संघटना उभी केली होती, आणि अखेरच्या वर्षी तो भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कामगारांच्या लढ्यात होता. ती घटना कोणती? स्थळ-काळाच्या निकषाने ती एक खोली, एक खिडकी आणि काही क्षण एवढी आहे. कारणांच्या निकषाने तिच्या सीमा त्या खोलीच्या बाहेर, संपाच्या आणि बडतर्फीच्या महिन्यांपर्यंत जातात की काय, हे पाहावे लागते. न्यायालयांनाही याच प्रश्नाशी झुंजावे लागले. १९९७ मध्ये सत्र न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याबरोबर काही उद्योजकांनाही दोषी धरले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली आणि कटाच्या आरोपातून इतरांची सुटका कायम ठेवली. न्यायालयापुढे पुरावा असतो आणि निर्णय पुराव्यावरच व्हावा लागतो. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु इतिहासकाराला घटनेची सीमा न्यायालयाच्या निकालावरून उसनी घेता येत नाही. त्याला खोलीही सांगावी लागते आणि संपही.

नियोगींच्या निधनाला नऊ महिने झाले तेव्हा, १ जुलै १९९२ रोजी, तो लढा पुढे चालवणारे कामगार भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात पंधरांहून अधिक कामगार मरण पावले. येथे मला स्ट्रॉसन आणि डेव्हिडसन दोघेही हवे असतात. नुसती घटना धरली तर ‘गोळीबार’ हे आणखी एक नाम होते, यास्काच्या ‘गमना’सारखे बिनमाणसाचे. नुसत्या वस्तू धरल्या तर स्थानक आहे, फलाट आहे, रूळ आहेत, आणि काहीच घडलेले नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना मी अखेर ज्यांच्याकडे जायचे होते त्यांचे आडनाव सांगितले. त्यांनी सेक्टरकडची वाट दाखवली, आणि मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, ते स्वतः बस्तीतले. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या पॉवर हाऊस स्थानकातून रोज जातात. दर वर्षी १ जुलैला लोक तेथे जमतात आणि मेलेल्यांची नावे एकेक करून घेतात.